टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र केल्यावर विषारी वायू का तयार होतो? ऑक्सिडीकरण अंकावरून अभिक्रियेचं उत्पादन असं ओळखतात

दिवाळीची साफसफाई सुरू असते. बाथरूमच्या फरशीवरचे डाग एका क्लीनरने निघत नाहीत, म्हणून कोणीतरी त्यावर दुसऱ्या बाटलीतलं ब्लीच ओततं. दोन जहाल गोष्टी एकत्र केल्या की दुप्पट स्वच्छता होईल, असा साधा हिशोब असतो. काही सेकंदांत उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात, ठसका लागतो आणि श्वास घेणं अवघड होतं.

हा वास क्लोरीन वायूचा असतो. २२ एप्रिल १९१५ रोजी पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडलेला वायूसुद्धा हाच होता.

दोन्ही बाटल्या दुकानात उघडपणे मिळतात आणि वेगवेगळ्या वापरल्या तर कामाच्या आहेत. मग एकत्र आल्यावर असं काय घडतं? आणि ते आधीच ओळखता येतं का? येतं. त्यासाठी शेकडो समीकरणं पाठ करावी लागत नाहीत. 'ऑक्सिडीकरण अंक' नावाचा एक छोटा हिशोब समजला की पुरतं.

ऑक्सिडीकरण अंक म्हणजे काय?

शाळेत याला ऑक्सिडेशन नंबर असंही म्हणतात. रासायनिक अभिक्रिया म्हणजे बऱ्याचदा इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण. कोणाकडून किती गेले आणि कोणाकडे किती आले, याची वही म्हणजे ऑक्सिडीकरण अंक.

इलेक्ट्रॉनवर ऋण प्रभार असतो. त्यामुळे एक इलेक्ट्रॉन मिळाला की अंक एकने कमी होतो आणि एक इलेक्ट्रॉन गेला की अंक एकने वाढतो. अंक वाढला तर त्या मूलद्रव्याचं ऑक्सिडीकरण झालं, अंक घटला तर क्षपण झालं. एकाने दिल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही, म्हणून या दोन्ही गोष्टी नेहमी जोडीने होतात.

अंक काढायचे नियम मोजकेच आहेत:

- मूलद्रव्य एकटं, कशाशीही संयोग न झालेलं असेल तर त्याचा अंक ० असतो. क्लोरीन वायू, लोखंडाचा खिळा, हवेतला ऑक्सिजन या सगळ्यांचा अंक ०.
- संयुगातल्या सोडियम आणि पोटॅशियमचा अंक +१, तर कॅल्शियमचा +२.
- हायड्रोजनचा अंक बहुतेक वेळा +१.
- ऑक्सिजनचा अंक बहुतेक वेळा −२. हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या संयुगांत मात्र तो −१ असतो.
- प्रभार नसलेल्या संयुगातल्या सगळ्या अंकांची बेरीज ० यायला हवी.

शेवटचा नियम सगळ्यात उपयोगी. बाकीच्यांचे अंक माहीत असले की उरलेल्याचा अंक साध्या बेरीज-वजाबाकीने निघतो.

एकच क्लोरीन, पण रूपं अनेक

आता हा हिशोब क्लोरीनला लावून पाहू.

जेवणातलं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. सोडियमचे +१, म्हणजे क्लोरीनचे −१. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्यात हायड्रोजनचे +१, म्हणून क्लोरीन इथेही −१.

ब्लीचच्या बाटलीत असतं सोडियम हायपोक्लोराइट. त्याच्या रेणूसूत्रात एक सोडियम, एक ऑक्सिजन आणि एक क्लोरीन. सोडियमचे +१ आणि ऑक्सिजनचे −२ मिळून −१ होतात. बेरीज ० येण्यासाठी क्लोरीनकडे +१ असायला हवा.

काडेपेटीतल्या काड्यांच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं. त्यात तीन ऑक्सिजन असल्यामुळे क्लोरीनचा अंक +५ निघतो. अग्निबाणांच्या घन इंधनात वापरल्या जाणाऱ्या अमोनियम परक्लोरेटमध्ये तो +७ आहे.

म्हणजे मीठ, ब्लीच, काडेपेटी आणि अग्निबाण यांत मूलद्रव्य एकच आहे, पण स्वभाव पूर्ण वेगळा. फरक अंकाचा आहे. क्लोरीनला इलेक्ट्रॉनची ओढ मोठी असते आणि −१ ही त्याची सगळ्यात निवांत अवस्था. मिठातला क्लोरीन तिथे पोहोचलेला आहे, म्हणून तो आपण निर्धास्त खातो. ब्लीचमधला +१ क्लोरीन अजून इलेक्ट्रॉन शोधतो आहे. ते तो डागांमधल्या रंगद्रव्यांकडून आणि जंतूंकडून ओढून घेतो. ब्लीचची ताकद याच ओढीत आहे.

दोन बाटल्यांचा हिशोब

एका बाटलीत +१ क्लोरीन आहे, त्याला इलेक्ट्रॉन हवे आहेत. दुसऱ्या बाटलीत −१ क्लोरीन आहे, त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा आहे. दोघे आम्लात समोरासमोर आले की −१ वाला एक इलेक्ट्रॉन देतो आणि +१ वाला तो घेतो. एकाचा अंक एकने वाढून ० होतो, दुसऱ्याचा एकने घटून ० होतो.

आणि अंक ० असलेला क्लोरीन म्हणजे कोण? क्लोरीन वायू. वासाची वाट न बघता उत्पादन कागदावरच ओळखता आलं.

पूर्ण समीकरण शब्दांत असं लिहिता येईल:

सोडियम हायपोक्लोराइटचा १ रेणू + हायड्रोक्लोरिक आम्लाचे २ रेणू → क्लोरीन वायूचा १ रेणू + सोडियम क्लोराइडचा १ रेणू + पाण्याचा १ रेणू

आम्लाचे दोन रेणू का लागले? इलेक्ट्रॉन देण्यासाठी एकच क्लोरीन पुरतो. पण ब्लीचमधून सुटलेल्या ऑक्सिजनला पाणी होण्यासाठी दोन हायड्रोजन हवे असतात, म्हणून आम्लाचा दुसरा रेणू. त्याच्यातला क्लोरीन −१ वरच राहतो आणि सोडियमबरोबर मीठ होऊन बसतो. डावीकडे क्लोरीनचे तीन अणू होते, उजवीकडेही तीनच आहेत. वही जुळली.

मग लिंबू आणि व्हिनेगर तरी चालतं का?

सोशल मीडियावरच्या साफसफाईच्या व्हिडिओंमध्ये लिंबू, व्हिनेगर आणि ब्लीच यांचे नाना प्रयोग दिसतात. लिंबात किंवा व्हिनेगरमध्ये क्लोरीन नसतोच, मग धोका कसला, असं वाटू शकतं.

याचं उत्तर ब्लीच कसं बनतं त्यात आहे. क्लोरीन वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात सोडला की त्यातला निम्मा क्लोरीन +१ वर जातो आणि निम्मा −१ वर येतो. म्हणजे एकीकडे हायपोक्लोराइट तयार होतं आणि दुसरीकडे साधं मीठ. त्यामुळे असं बनवलेल्या ब्लीचमध्ये हे मीठ असतंच. एकाच बाटलीत +१ आणि −१ दोघे शेजारी शेजारी नांदतात, कारण द्रावण अल्कधर्मी ठेवलेलं असतं आणि ऑक्सिजनला घेऊन जायला मोकळा हायड्रोजन मिळत नाही.

त्यात आम्ल ओतलं की हायड्रोजन मिळतो आणि अभिक्रिया उलट दिशेने धावते. हे आम्ल क्लीनरमधलं असो, लिंबातलं असो की व्हिनेगरमधलं, क्लोरीन सुटू शकतो. तीव्र आम्लाने तो झपाट्याने सुटतो, सौम्य आम्लाने कमी. पण 'नैसर्गिक' म्हणून लिंबू सुरक्षित ठरत नाही.

किती वायू तयार होतो?

समजा, ब्लीचमध्ये ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइट आहे आणि त्यातलं फक्त १०० मिलीलिटर ओतलं. त्यात सुमारे ४ ग्रॅम हायपोक्लोराइट असेल. पुरेसं आम्ल मिळालं तर त्यापासून सुमारे ३.८ ग्रॅम, म्हणजे साधारण १.३ लिटर क्लोरीन वायू तयार होईल.

आता २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच बाथरूम घ्या. त्यात ७,५०० लिटर हवा मावते. सगळा वायू त्या हवेत मिसळला तर दर दहा लाख भाग हवेत क्लोरीनचे सुमारे १७० भाग होतील. अमेरिकेतली कामगारांच्या सुरक्षेवर काम करणारी सरकारी संस्था 'नायॉश' क्लोरीनच्या बाबतीत १० भागांची पातळी 'जीवाला तत्काळ धोका' मानते. प्रत्यक्षात सगळा वायू एकदम हवेत येत नाही, काही पाण्यात विरघळून राहतो. पण त्याचा दहावा हिस्सा जरी हवेत आला तरी ही पातळी ओलांडली जाते.

शिवाय क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो, त्यामुळे तो खाली जमिनीलगत साचतो. फरशी घासणारी व्यक्ती उकिडवी बसलेली असते. तिचं नाक नेमकं तिथेच असतं.

टीसीएल पावडरचं काय?

महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायती विहिरींच्या आणि टाक्यांच्या पाण्यात जी टीसीएल पावडर टाकतात, ती म्हणजे ब्लीचिंग पावडर. पुस्तकात तिचं सूत्र एक कॅल्शियम, एक ऑक्सिजन आणि दोन क्लोरीन असं दिलं जातं. परीक्षेत इथे अनेकांची गल्लत होते.

नियमाप्रमाणे कॅल्शियमचे +२ आणि ऑक्सिजनचे −२ एकमेकांना रद्द करतात. मग दोन्ही क्लोरीनचा अंक ० का? ही झाली फक्त सरासरी. प्रत्यक्षात त्यातला एक क्लोरीन −१ आहे, क्लोराइडसारखा, आणि दुसरा +१ आहे, हायपोक्लोराइटसारखा. एका भावाकडे शंभर रुपये आहेत आणि दुसऱ्यावर शंभराचं कर्ज आहे, तर सरासरी शून्य येते. पण दोघांची परिस्थिती सारखी नसते.

ब्लीचिंग पावडरवर आम्ल पडलं की इथेही तेच होतं: +१ आणि −१ मिळून ० वर येतात आणि क्लोरीन सुटतो. हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइडसुद्धा हे काम हळूहळू करतात. उघड्या राहिलेल्या पोत्याला उग्र वास येतो आणि काही काळाने पावडरीचा दम जातो, तो यामुळेच. म्हणून ती कोरड्या जागी घट्ट बंद करून ठेवायची असते.

क्लोरीन ओळखायला लागली ३६ वर्षं

आज जे उत्पादन कागदावर मिनिटभरात ओळखता येतं, त्याने एकेकाळी मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांना चकवलं होतं.

१७७४ मध्ये स्वीडनमधल्या कार्ल विल्हेल्म शील यांनी पायरोलुसाइट नावाचं काळं खनिज हायड्रोक्लोरिक आम्लात तापवलं. हे खनिज म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. त्यातून पिवळसर हिरवा, गुदमरवणारा वायू निघाला. आपल्याला नवं मूलद्रव्य सापडलंय, हे मात्र शील यांना कळलं नाही. पुढे बराच काळ हा वायू म्हणजे ऑक्सिजनचं एखादं संयुग आहे, असंच मानलं जात होतं. तापलेल्या कोळशाच्या मदतीने त्यातून ऑक्सिजन काढण्याचे प्रयत्न झाले, ते फसले. अखेर १८१० मध्ये इंग्लंडच्या हम्फ्री डेव्ही यांनी हे मूलद्रव्यच असल्याचं ठामपणे मांडलं आणि फिकट हिरव्या रंगासाठीच्या ग्रीक शब्दावरून त्याला क्लोरीन हे नाव दिलं.

शील यांच्या प्रयोगाचा हिशोब आता करता येतो. मँगनीज डायऑक्साइडमध्ये दोन ऑक्सिजनचे −४, म्हणून मँगनीज +४. अभिक्रियेनंतर मँगनीज क्लोराइड उरतं, त्यात मँगनीज +२. म्हणजे मँगनीजने दोन इलेक्ट्रॉन घेतले. ते दिले दोन क्लोरीन अणूंनी, प्रत्येकी एक. दोघेही −१ वरून ० वर आले आणि वायू होऊन निघून गेले.

माध्यम बदललं की उत्पादनही बदलतं

मँगनीजचं आणखी एक ओळखीचं रूप म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, जखम धुण्यासाठी आणि पाणी शुद्ध करण्यासाठी वापरले जाणारे जांभळे खडे. त्यात चार ऑक्सिजनचे −८ आणि पोटॅशियमचे +१, म्हणून मँगनीज +७. इतका वरचा अंक म्हणजे इलेक्ट्रॉनची मोठी भूक. ती किती भागणार, हे मात्र माध्यम ठरवतं:

- आम्लधर्मी द्रावणात मँगनीज पाच इलेक्ट्रॉन घेऊन +२ वर येतो. जांभळा रंग जाऊन द्रावण जवळपास रंगहीन होतं.
- उदासीन द्रावणात तो तीन इलेक्ट्रॉन घेऊन +४ वर थांबतो. मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी साका तयार होतो. हे खडे हाताळल्यावर बोटांवर राहणारे तपकिरी डाग याचेच.
- तीव्र अल्कधर्मी द्रावणात तो एकच इलेक्ट्रॉन घेऊन +६ वर येऊ शकतो. मग द्रावण गर्द हिरवं दिसतं.

असं का? परमँगनेटला खाली उतरायचं तर अंगावरचे ऑक्सिजन सोडावे लागतात. आम्लात हायड्रोजन मुबलक असतो, तो चारही ऑक्सिजनचं पाणी करून टाकतो, म्हणून मँगनीज थेट +२ पर्यंत उतरतो. आम्ल नसेल तर उतरण मध्येच अडते. ब्लीचच्या बाटलीतही आम्ल येईपर्यंत सगळं अडूनच होतं.

बारावीच्या प्रयोगशाळेत परमँगनेटचं अनुमापन करताना सल्फ्युरिक आम्लच वापरायला सांगतात, हायड्रोक्लोरिक नाही. कारण आता उघड आहे. हायड्रोक्लोरिक आम्लातला −१ क्लोरीन परमँगनेटला इलेक्ट्रॉन देऊन ० वर येतो. म्हणजे पुन्हा क्लोरीन वायू, आणि वाचन चुकतं ते वेगळंच. सल्फ्युरिक आम्लात सल्फर +६ वर, म्हणजे त्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर असतो. त्याच्याकडे देण्यासारखे इलेक्ट्रॉन उरलेले नसतात.

उत्पादन ओळखण्याच्या चार पायऱ्या

कोणतीही अशी अभिक्रिया समोर आली की हे चार प्रश्न विचारायचे:

१. प्रत्येक मूलद्रव्याचा अंक किती? आधी सगळे अंक काढून घ्यावेत.

२. इलेक्ट्रॉन कोण घेऊ शकतो आणि कोण देऊ शकतो? मूलद्रव्य वरच्या पायरीवर असेल तर घेणारा, खालच्या पायरीवर असेल तर देणारा. क्लोरीनची सगळ्यात खालची पायरी −१ आणि वरची +७. मँगनीजची वरची +७.

३. माध्यम कोणतं? आम्लधर्मी, उदासीन की अल्कधर्मी? यावरून कोण किती पायऱ्या उतरणार ते कळतं.

४. दिलेले आणि घेतलेले इलेक्ट्रॉन सारखे आहेत का? नसतील तर रेणूंची संख्या वाढवून जुळवून घ्यायची. उदाहरणार्थ, आम्लात परमँगनेट पाच इलेक्ट्रॉन घेतो आणि +२ वरून +३ वर जाणारं लोह एकच देतं. म्हणून एका परमँगनेटला लोहाचे पाच आयन लागतात.

कागदावर काढलेलं उत्तर शेवटी प्रयोगाने तपासावं लागतं. क्लोरीनसाठी प्रयोगशाळेत ओला लिटमस कागद वापरतात, त्याचा रंग उडतो. किंवा पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च लावलेला ओला कागद धरतात. क्लोरीन आयोडाइडकडून इलेक्ट्रॉन घेतो, −१ चं आयोडिन ० वर येतं आणि स्टार्चबरोबर निळं-काळं होतं. म्हणजे ओळख पटवणारी चाचणीसुद्धा अंकांचाच खेळ आहे. वास घेऊन खात्री करणं ही मात्र चाचणी नव्हे.

या हिशोबाची मर्यादा

ऑक्सिडीकरण अंक म्हणजे अणूवरचा खराखुरा प्रभार नव्हे. परमँगनेटमधल्या मँगनीजवर प्रत्यक्षात +७ इतका प्रभार नसतो, कारण तो ऑक्सिजनबरोबर इलेक्ट्रॉन वाटून घेतो. अंक ही सोयीसाठी ठरवलेली नोंद आहे. अभिक्रिया किती वेगाने होईल, हेही त्यातून कळत नाही.

दुसरी गोष्ट, अंक बदलले नाहीत म्हणजे धोका नाही, असं समजू नये. ब्लीच आणि अमोनिया असलेलं क्लीनर एकत्र केलं तर क्लोरामाइन नावाची वायुरूप संयुगं तयार होतात. ब्लीचमधला क्लोरीन हायपोक्लोराइट सोडून नायट्रोजनला जाऊन चिकटतो आणि प्रचलित पद्धतीने मोजला तर त्याचा अंक +१ च राहतो. तरीही हा वायू डोळ्यांना आणि फुप्फुसांना त्रास देतोच.

चुकून एकत्र झालंच तर?

आधी तिथून बाहेर पडून मोकळ्या हवेत जावं. बाहेर पडताना जमलं तर दार-खिडकी उघडी ठेवावी. वायू 'मारण्यासाठी' तिसरं काही ओतायला थांबू नये. डोळे चुरचुरत असतील तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत. खोकला, धाप किंवा छातीत आवळल्यासारखं वाटत असेल तर डॉक्टरांकडे जावं. जास्त वायू श्वासात गेला असेल तर फुप्फुसांचा त्रास काही तासांनी वाढू शकतो, त्यामुळे 'आता बरं वाटतंय' म्हणून दुर्लक्ष करू नये.

आणि मुळात एका वेळी एकच क्लीनर वापरावं. दुसरं वापरायचं असेल तर आधीचं भरपूर पाण्याने धुऊन काढावं. बाटलीवर बारीक अक्षरात छापलेल्या 'इतर क्लीनरमध्ये मिसळू नका' या ओळीमागे एवढाच हिशोब आहे: एका बाटलीत +१, दुसरीत −१, आणि दोघांची भेट झाली की ०.